अर्ध्यावर सोडलेली राणी

आठ दिवस झाले, चुडामणनाना धाकट्या भावाचा फोन घेत नव्हते. फोन वाजला की डोळ्यांजवळ नेऊन नाव वाचायचे आणि तो खाटेवर पालथा घालायचे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, उजवा त्याच वाटेवर, तरी 'हेमकांत' ही चार अक्षरं त्यांना बरोबर दिसायची.

आणि हे कधी, तर ऐन कानबाईच्या तोंडावर! रविवारी रोट, देवीच्या नैवेद्याच्या जाड गव्हाच्या पोळ्या. घरातला माणूस सुरतेत असो नाहीतर पुण्यात, श्रावणातल्या ह्या रविवारी तो तापीकाठच्या ह्या घरी यायचाच. अशा दिवशी अबोला धरायचा म्हणजे देवीकडे पाठ करून बसायचं. पण नानांना हे सांगणार कोण? त्यांची आई कमलबाई तेवढी सांगू शकली असती. ती नव्वदीला टेकलेली, अजून कानांनी तिखट. पण ती पडवीत बसून रोटाचे गहू निवडत होती.

झालं सगळं भावेशमुळे. भावेश नानांचा एकुलता एक, केळीचा व्यापार करणारा, मनानं साफ पण जिभेला लगाम नाही. काकांचं नाटक स्पर्धेत पहिलं आलं म्हणून पेढ्यांचा पुडा घेऊन नंदुरबारला गेला, पहिल्या रांगेत बसला आणि पुडा न सोडता तसाच परत आला. संध्याकाळी जेवताना म्हणाला, "नाना, लुगडं नेसीसन स्टेजवर चढेल तो पोऱ्या... तो तुम्हीच ना?"

नानांचा घास ताटात पडला. एक्काहत्तर वर्षांचा माणूस, दोनदा सरपंच झालेला, ज्याच्या शब्दावर भाऊबंदकीतले वाद मिटतात. ते उठले, हात धुतले आणि अंगणात जाऊन बसले. तेव्हापासून फोन पालथा.

हेमकांत शनिवारी दुपारी बायकोला घेऊन आला. गाडीत चारुलतानं त्याला तीनदा बजावलं होतं. "गेल्या गेल्या पाय धरा आणि गप्प बसा. नाटकाचं नावसुद्धा काढू नका." चारुलता निवृत्त नर्स. सुई टोचण्याआधीचा तो शांत, हुकमी आवाज तिला घरातही लावता यायचा.

"आणि उद्या?" हेमकांत म्हणाला. "उद्या मूठ टाकताना दादा काय सांगेल?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीची पानं पावसानं धुतलेली, आणि त्यांच्यातून येणारा उजेड असा हिरवट की गाडी पाण्याखालून चालली आहे असं वाटत होतं.

रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं मोजतात, एकामागे सव्वा मूठ. ह्या घरात मात्र मूठ टाकताना नावापुढे कामही सांगायची रीत. कोण कशावर जगतो ते देवीला कळायला नको? नानांचं सोपं. 'चुडामण, शेती.' चाळीस वर्षं तेच. गेल्या साली भावेशच्या तान्ह्या पोराची पहिली मूठ पडली तेव्हा नाना गंभीरपणे म्हणाले होते, 'दूध पेस.' पण खरं हसू पिकायचं ते हेमकांतच्या मुठीला. 'हेमकांत, खापरले जिनिंगमा कापूस देखस.' चार वर्षांनी, 'हेमकांत, खांडबाराले औषधनं दुकान.' मग, 'हेमकांत, नवापूरले कोंबड्या.' तिथं रोग आला, शेडच्या शेड पुरावी लागली, आणि पुढे, 'हेमकांत, पीकविमानी पाहनी.' मूठ सुपात पडली की, पुढल्या वर्षीही हेच काम का, असं नाना मिशीत हसून विचारत, "पुढला साले बी हाईच का?" हेमकांत म्हणे, "देखूत, दादा."

त्या 'देखूत'वर, त्या 'बघू'वर त्याची तीस वर्षं गेली. लोकांना वाटे, ह्याचा कशातच जीव लागत नाही. जीव लागत होता, पण भलतीकडेच. जिनिंगमधले हमाल काय बोलतात, रात्रपाळीचा राखणदार कोंबड्यांशी काय बोलतो, पाण्यात बसलेल्या कपाशीत उभा राहून माणूस काय बोलत नाही, हे सगळं तो पाहणीच्या फॉर्मांच्या पाठीवर उतरून ठेवायचा. कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. चोपन्नाव्या वर्षी ते गठ्ठे त्यानं उघडले आणि पहिलं नाटक लिहिलं. हे तिसरं. पुण्याच्या एका दिग्दर्शकाला ह्याचा सिनेमा करायचा होता. पटकथा हेमकांतनंच लिहायची होती. जूनमध्ये त्यानं पाहणीचं काम सोडून दिलं.

आता फक्त एक राहिलं होतं. दादानं उद्या देवीला खरं सांगायचं. सत्तावन्न वर्षांचा हा माणूस थोरल्या भावाच्या तोंडून दोन शब्द ऐकायला लहान पोरासारखा आसुसला होता. हसायचं तर हसा.

त्यानं पाय धरले. नानांनी पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

"पानी कसं शे तिकडे?"

"बरं शे, दादा."

"बरं," नाना म्हणाले, आणि काठी घेऊन केळीकडे निघून गेले.

स्वयंपाकघरात मोहिनी, भावेशची बायको, चण्याची डाळ पाखडत होती. चारुलता शेजारी बसली.

"काकी, एक सांगू का?" मोहिनी हळूच म्हणाली. "कोनले बोलू नका."

"सांग ना."

"काकास्नं नाटक मी नानास्ले वाची दाखाडं."

चारुलताचा हात डाळीतच राहिला. "काय? कधी?"

"दुपारले. पेपर वाचस ना मी त्यास्ले रोज, तसं. तीन दुपार लागन्यात. मयूरीनी मोबाइलवर धाडं."

मयूरी म्हणजे चारुलताची लेक, पुण्याला नोकरी करणारी. म्हणजे ह्या दोघींचं आधीच ठरलेलं! ज्या सुनेला घरात कुणी पाण्याच्या ग्लासापलीकडे काही विचारत नाही, तिनं हे केलं. चारुलताला तिचा एकदम अभिमान वाटला, आणि धाकधूकही.

"मग? काय म्हणाले?"

"पहिलांदा म्हने, बंद कर. मी बंद करं. मंग घडीभर्‍यामा म्हने, वाच." मोहिनीनं सूप खाली ठेवलं. "वाची ऱ्हायनू तवय ते डोया मिटीसन पडेल व्हतात. माले वाटनं, झोपनात. पन व्होट हाली ऱ्हायंतात, काकी. राणीनं बोलनं ऊनं का त्यास्ना व्होट हालेत. आनि शेवटलं पान त्यास्नी पाच खेप वाचाले लावं."

शेवटचं पान चारुलताला पाठ होतं. बाप आसूड घेऊन स्टेजवर चढतो. राणी झालेल्या आपल्या पोराला सगळ्या गावासमोर मारतो. पोरगा फाटलेलं लुगडं सावरत खाली उतरतो आणि अंधारात चालू लागतो. रिकाम्या स्टेजवर एक फुटकी बांगडी. पडदा. नंदुरबारला लोक रडत उठले होते.

"तू वाची दाखाडं?" दारात भावेश उभा होता. "त्यास्ले? अवं, तुले काही अक्कल? आख्खा तालुकामा लोके माले इचारी ऱ्हायनात, तुन्हा बाप नाचे का म्हनीसन. आनि तू घरमा बशीसन तेच वाचस?"

मोहिनी खाली बघू लागली. चारुलतानं तोंड उघडलं होतं, पण आवाज आला पडवीतून.

"भावेश, आठे ये."

कमलबाईनं गव्हातला खडा अंगठ्यानं उडवला. नातू येऊन समोर उभा राहिला तरी तिनं मान वर केली नाही.

"लुगडं मन्हं व्हतं ते," ती म्हणाली. "हिरवं. मीच नेसाडं त्याले. निऱ्या बी मीच घाल्यात. लाज वाटत व्हयी ते माले सांग, मी बठेल शे."

आजीनं पुढचा गहू उचलला. आत चारुलता आणि मोहिनी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि भावेश कधी चप्पल घालून निघून गेला तेही त्यांना कळलं नाही.

केळीत नाना आडवे झाले होते. ह्या वेळी ते तिथं पडायचेच. ओल्या पाल्याचा वास, वर पानांचं छत, आणि मोतीबिंदूमुळे सगळ्याच्या कडा विरघळलेल्या. हल्ली त्यांना जवळचं दिसत नसे, पण लांबचं, पन्नास वर्षांपूर्वीचं, लख्ख दिसे. कानबाईच्या विसर्जनाची ती संध्याकाळ. बत्तीचा सूं सूं आवाज. गालाला लावलेल्या खडूचा आणि गेरूचा वास. पायांत घुंगरं नव्हती, राणीला कशाला घुंगरं? राणी चालायची तर तिच्या मागे सगळं गाव मान वळवायचं. विशीतला चुडामण. दिवसा नांगर धरायचा आणि महिनाभर संध्याकाळी देवळामागे तालमीत राणी सोनकळी व्हायचा. ते ओझं नव्हतं की थट्टा नव्हती. एवढं सुख त्यांना नंतर कशातच मिळालं नाही, ना पीक आल्यावर, ना गुलाल उधळल्यावर.

आणि बापाचा, धुडकूबाबांचा आसूड. बापाच्या रागाबद्दल ह्या घरात वेगळं सांगायला नको.

हेमकांतनं हे सगळं कसं लिहिलं? तेव्हा सहा वर्षांचा तर होता. बत्तीभोवतीचे किडेसुद्धा लिहिलेत त्यानं. मोहिनी वाचत होती तेव्हा नानांच्या छातीत काहीतरी सैल होत गेलं होतं, गाठ सुटावी तसं. पण ते शेवटचं पान! ते काही केल्या घशाखाली उतरेना. पाच वेळा ऐकलं, पाचही वेळा राणी अंधारात निघून गेली. नाना कूस बदलत राहिले. पानांतून ऊन हललं, सावल्या हलल्या, आणि कुठल्याशा अर्धवट झोपेत कुणीतरी देवळामागून हाक मारत होतं, चल, तुझी वेळ झाली.

रविवारी सकाळी अंगण सारवून झालं. पाऊस उघडला होता, कोवळं ऊन शेणाच्या ओल्या सारवणावर पसरलं होतं. मधे नवं सूप, शेजारी निवडलेल्या गव्हाची टोपली. कमलबाई भिंतीला टेकून बसलेली. भावेश रात्रभर जागल्यासारखा तोंड उतरवून उभा, वर्षाचं पोर मोहिनीच्या खांद्यावर. हेमकांत सगळ्यांच्या मागे.

नानांनी टोपी नीट केली, गव्हात हात घातला.

"कानबाई माय, चुडामण. शेती." मूठ सुपात पडली, वर पाव मूठ.

दुसरी मूठ भरली. सुपावर आली. आणि तिथंच थांबली.

"कानबाई माय, हेमकांत..."

मोहिनीच्या खांद्यावरचं पोरही त्या मुठीकडे बघत होतं. हेमकांतला ते बघवेना. एवढ्या वर्षांत दादाची मूठ कधी अडखळली नव्हती, आणि आज आपल्यापायी देवीसमोर अडखळली.

"दादा, ऱ्हाऊ दे," तो पुढे आला. "पीकविमा सांग, चाली. मी पुन्याले फोन करीसन नही सांगी देस. सिनेमा नको. नाटक बी बंद करस. तुले विचारं नही, तुन्हं मी बठ्ठा गावसमोर मांडं. मन्हं चुकनं, दादा."

चारुलतानं डोळे मिटले. तिला माहीत होतं, हा उद्या खरंच फोन करेल. पुढच्या श्रावणात पुन्हा 'देखूत'.

"चूप," नाना म्हणाले. "तू कितला वरीसना व्हता?"

"सहा."

"शेवटलोंग व्हता का तठे?"

"व्हतू ना. बापनी तुले मारं, लुगडं फाटनं, तू खाले उतरना, आनि मंग..."

"मंग काय? देखं का तू?"

हेमकांत थांबला. ते दृश्य त्यानं शंभर वेळा लिहिलं, खोडलं होतं. आज पहिल्यांदा त्यानं त्यात स्वतःला शोधलं. दादा उतरतो आहे, अंधार आहे, आणि आपण... आपला गाल कुणाच्या तरी खांद्यावर आहे. गाव मागे मागे जातंय.

"माले आत्या उचलीसन घर लई गयी," तो हळूच म्हणाला. "मी रडत व्हतू."

"मंग? घर जाईसन झोपी गया. आनि बाकीनं तू मनानीच लिखं!"

"दादा..."

"बाप घर गया," नाना म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "मी देवळना मांगे बसनू व्हतू. मायनी माले दुसरं लुगडं आनी दिन्हं."

"जांभळं," कमलबाई भिंतीजवळून म्हणाली. "हिरवं फाटी गयथं."

"मी परत चढनू, हेमकांत. पाठवर वळ व्हतात, रगत नितरी ऱ्हायंतं. बठ्ठं गाव बसेल व्हतं, एक बी मानूस उठेल नव्हता. आनि मी पार्ट पुरा करा. पुरा! तुले कोनी सांगं नही, कारन बापना धाकमा कोनी बोलनंच नही. पन मी पुरा करा." नाना आता भावाच्या अगदी समोर होते. "आनि तू काय लिखं? मी पळी गयू? पन्नास वरीस झायात, रे. पन्नास वरीस तुन्हा डोकामा मी आंधारामाच चाली ऱ्हायनू? तू माले अर्धामाच सोडी दिन्हं!"

हेमकांतच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याला पुसायचं सुचेना. खरंच, कुठल्याच पाहणीत त्यानं एवढी मोठी चूक केली नव्हती. अर्धं शेत बघून सगळ्या शेताचा अहवाल लिहिला होता.

"काय बोलनी राणी?" त्यानं विचारलं. "परत चढनी तवय?"

नानांनी खांद्यावरचं उपरणं टोपीवरून पुढे ओढलं, पदरासारखं. पाठ सरळ झाली. मान थोडी कलली. एक्काहत्तर वर्षांचे ते जाड, चिखलानं फुटलेले पाय असे काही पडले की मोहिनीनं नकळत आपला पदर सावरला. आणि त्या अंगणात कुणी कधी न ऐकलेला बारीक, स्वच्छ आवाज आला.

"महाराज, आपण मला राज्याबाहेर घालवलंत. जाते मी. पण आपल्या राज्याची हद्द कुठं संपते, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. तोवर, महाराज, मी इथंच उभी आहे!"

बोलता बोलता त्यांचा उजवा हात पुढे झाला आणि बोटं उलगडली, जशी तेव्हा उलगडली असतील.

गहू सगळ्या अंगणात सांडले.

नाना स्वतःच्या रिकाम्या तळव्याकडे बघत राहिले. डोक्यावरून उपरणं घसरलं आणि ते पुन्हा नाना झाले, ओशाळलेले, धाप लागलेले.

"अरे, देखतस काय?" कमलबाई ओरडली. "येचा बठ्ठा जन! कानबाईना दाना शे. एक बी ऱ्हावाले नको."

सगळे खाली बसले. चारुलता, मोहिनी, हेमकांत, सगळे गुडघ्यांवर, ओल्या सारवणातून एक एक दाणा उचलत. पुरुषमाणसांना अंगणात असं रांगताना ह्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. भावेश सगळ्यात लांब गेलेले दाणे वेचत होता, तुळशीच्या कट्ट्यामागचे. वेचून झाल्यावर तो आला आणि ओंजळ बापासमोर धरली.

"नाना," तो म्हणाला. "लोके उठनात नही? खरंच?"

"एक बी नही," नाना म्हणाले. त्यांनी पोराच्या ओंजळीतून दाणे घेतले, गव्हाला चिकटलेली माती फुंकून काढली आणि मूठ पुन्हा भरली. नीट, शिगोशीग.

"कानबाई माय, हेमकांत." ते थांबले, पण ह्या वेळी अडखळले नाहीत. "नाटक लिखस. आजून शिकी ऱ्हायना, पन लिखस."

मूठ सुपात पडली. वर पाव मूठ.

हेमकांत तिथंच गुडघ्यांवर बसून होता, हाताला शेण लागलेलं, नाकातून पाणी गळत असलेलं. नानांनी त्याच्याकडे बघितलं, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या मिशीत हसू आलं.

"पुढला साले बी हाईच का?"

"हाईच, दादा," हेमकांत म्हणाला.